ओला रस्ता, नऊ जाकिटं आणि घरी जाणारी गाडी

एका तरुण दिग्दर्शकाचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "एका रात्रीत घडणारी, मुंबईतल्या टोळ्यांची गोष्ट करतोय. पैसे बेताचे आहेत. जो तो सांगतो, १९७९ चा 'द वॉरियर्स' बघ. बघितला. मारामारी आजच्या मानाने मिळमिळीत, टोळ्यांचे कपडे शाळेच्या फॅन्सी ड्रेसमधले, एकाही पात्राला पूर्वायुष्य नाही. याला कल्ट, म्हणजे चाहत्यांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा, का म्हणतात आणि मी यातून नेमकं काय उचलायचं?"

तुमच्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. मी हा सिनेमा पहिल्यांदा व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, तेव्हा बेसबॉलचे गणवेश घातलेली, तोंडं रंगवलेली माणसं बॅट घेऊन अंधारातून पळत आली आणि मी हसलो होतो. तेव्हा मी कॅमेरा खात्यात सहायक होतो, फोकस ओढायचो. पुढे रात्रीचं आउटडोअर स्वतःच्या जबाबदारीवर करायची वेळ आली, त्याआधीच्या आठवड्यात पुन्हा पाहिला. या खेपेला हसू आलं नाही, कारण समोरची जवळजवळ प्रत्येक गोष्ट मला माझ्या वहीतल्या कुठल्या तरी अडचणीचं उत्तर वाटायला लागली. अंधारात नऊ माणसं वेगळी कशी दाखवायची? प्रेक्षकाला शहराचा नकाशा कसा कळवायचा? टोळीची ओळख दहा सेकंदांत कशी करून द्यायची? लोक ज्याला या सिनेमाची 'स्टाइल' म्हणतात, ती मुळात अशा हिशेबांतून आलेली आहे, असं माझं मत. म्हणून त्या हिशेबांबद्दलच लिहितो.

आधी गोष्ट, कारण तिथेच तुमच्या पूर्वायुष्याच्या तक्रारीचं उत्तर आहे. न्यूयॉर्कमधल्या सगळ्यात मोठ्या टोळीचा म्होरक्या सायरस शहरभरच्या टोळ्यांना ब्राँक्समधल्या एका बागेत बोलावतो. प्रत्येक टोळीचे नऊजण, हत्यार आणायचं नाही. तो सरळ आकडेमोड मांडतो: आपण सगळे मिळून साठ हजार, पोलीस वीस हजार, मग शहर कुणाचं? भाषण रंगात आलेलं असताना ल्यूथर नावाचा एक माथेफिरू त्याला गोळी घालतो आणि आळ 'वॉरियर्स'वर ढकलतो. त्यांचा पुढारी क्लिऑन तिथल्या तिथे जमावाच्या हाती सापडतो. उरलेल्या आठ जणांना दक्षिणेच्या टोकाला, कोनी आयलंडच्या समुद्राकाठी, आपल्या घरी पोहोचायचं आहे. मधे अख्खं शहर, आणि त्यातली प्रत्येक टोळी त्यांच्या मागावर. बस, एवढीच गोष्ट.

ही गोष्ट तेवीसशे-चोवीसशे वर्षं जुनी आहे. इ.स.पू. ४०१ मध्ये धाकटा सायरस इराणच्या गादीसाठी भावाशी लढला आणि कुनाक्साच्या लढाईत मेला. त्याच्या पदरचे सुमारे दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक शत्रूच्या मुलखात अडकले. त्यांचे सेनापती दग्याने मारले गेले आणि ते लढत लढत काळ्या समुद्रापर्यंत परतले. झेनोफन त्या फौजेत होता, त्याने हे सगळं लिहून ठेवलं. सॉल युरिक नावाच्या लेखकाने १९६५ मध्ये त्यावरून न्यूयॉर्कच्या टोळ्यांची कादंबरी लिहिली. युरिकने तिथल्या सरकारी मदत खात्यात काम केलं होतं. त्याची पोरं बरीच ओंगळ आणि खरी आहेत. दिग्दर्शक वॉल्टर हिलने सिनेमा करताना त्यातलं समाजशास्त्र बाजूला काढलं आणि हाडं तेवढी ठेवली: पुढारी गेला, घर लांब आहे, समुद्र दिसला की सुटलो.

आता सांगा, माघार घेणाऱ्या सैन्यातल्या शिपायाला आपलं बालपण सांगायला वेळ कुठे असतो? वॉरियर्समधल्या स्वान, एजॅक्स, कोचीज, रेम्ब्रांट यांच्याबद्दल जे कळायचं ते ते कसे पळतात आणि कधी थांबतात यावरून कळतं. बागेतला पाठलाग बघा. पळून पळून काउबॉयचा दम संपतो, आता नाही जमत म्हणतो, आणि एजॅक्सला चक्क आनंद होतो, कारण त्याला पळायचा कंटाळाच आलेला असतो. दोन वाक्यांत दोन माणसं उभी राहिली. नव्या पटकथांत मला हल्ली प्रत्येक गुंडाला एक मेलेली आई आणि एक दारुडा बाप जोडलेला दिसतो. तुमच्या पटकथेत असेल तर तो काढून बघा, काय बिघडतं ते.

तरीही या सिनेमात वर्गाची जाणीव नाही असं म्हणणाऱ्याने शेवटच्या आगगाडीतला प्रसंग नीट पाहिलेला नाही. मी तो बहुधा शंभरदा पाहिलाय. रात्रभर मार खाऊन, मारून, स्वान आणि वाटेत त्यांना सामील झालेली मर्सी डब्यात शेजारी शेजारी बसलेत. कपडे फाटलेले, अंगावर घाण, चेहरे उतरलेले. एका स्टेशनावर शाळेच्या निरोपाच्या पार्टीतून परतणारी दोन जोडपी चढतात. कोट, गाऊन, फुलं, हसणं-खिदळणं. ती समोरच बसतात. हळूहळू त्यांचं हसणं थांबतं. मर्सीची नजर त्या मुलींच्या कपड्यांवर जाते, मग स्वतःच्या चपलांवर, आणि तिचा हात आपोआप केस सारखे करायला वर जातो. स्वान तो हात धरून खाली आणतो. काही बोलत नाही. पुढच्या स्टेशनावर ती जोडपी उतरून जातात. संवाद शून्य. मोजके शॉट, सगळे साधे. इथे कॅमेरा सरकवायची ट्रॉली लावायचा मोह झाला नाही, याबद्दल मला त्या कॅमेरामनचा हेवा वाटतो.

तो कॅमेरामन म्हणजे अँड्र्यू लास्लो, मूळचा हंगेरीचा. आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, तो म्हणजे पाणी.

चित्रीकरण १९७८ च्या उन्हाळ्यात, बहुतेक रात्रीचं आणि खऱ्या रस्त्यांवर. त्या वेळच्या कोडॅकच्या नेहमीच्या रंगीत निगेटिव्हचा वेग, म्हणजे उजेड टिपायची ताकद, १०० एएसए. तुमचा आजचा डिजिटल कॅमेरा ८०० पासूनच सुरू होतो, म्हणजे तुम्ही जन्मतःच तीन स्टॉप (तीनदा दुप्पट उजेडाइतके) श्रीमंत. १०० एएसएवर कोरडा डांबरी रस्ता रात्री म्हणजे काळं भोक. कितीही दिवे लावा, डांबर उजेड पिऊन टाकतं आणि माणसं शाईच्या पाटीवर चिकटवल्यासारखी दिसतात. तोच रस्ता ओला केला की तो आरसा होतो. मागे लांब ठेवलेला एकच दिवा, दुकानाची पाटी, सिग्नलचा लाल, सगळं खाली उलटं उमटतं. दिवा एक, उजेड दोन ठिकाणी. म्हणून जगभर रात्रीच्या चित्रीकरणाआधी रस्ता भिजवतात. पण पाऊस पडलेला नसताना रस्ता ओला का, हा प्रश्न उरतोच. लास्लोने दिग्दर्शकाला सुरुवातीलाच पावसाची एक सर घालायला लावली. एकदा पाऊस पडून गेला की पुढे रात्रभर प्रत्येक रस्ता ओला असायची परवानगी मिळाली. पटकथेतल्या एका ओळीने दिव्यांचा केवढा खर्च वाचला असेल, त्याचा हिशेब करून बघा.

या जागी माझी एक फजिती सांगतो. मध्य मुंबईतली एक गल्ली, मे महिना, रात्री साडेअकरा. दहा हजार लिटरचा टँकर मागवला होता. अर्धी गल्ली भिजवली, अख्खा प्रसंग एका फ्रेममध्ये दाखवणारा मास्टर शॉट झकास झाला, आम्ही खूश. उलट्या बाजूचा शॉट लावला तर तिकडचा रस्ता ठणठणीत कोरडा, आणि भिजवलेला भागही तोवर सुकत आलेला. मेमध्ये डांबर रात्रीही तापलेलं असतं, पाणी अर्धा तासही टिकत नाही. पुन्हा टँकर सुरू केला तेव्हा चाळीच्या गॅलरीतून एका आजींचा आवाज आला: "आमच्या नळाला दोन दिवस पाणी नाही, आणि तुम्ही मेल्यांनो रस्ता आंघोळीला घातलाय?" काय उत्तर देणार! उरलेला टँकर चाळीच्या पिंपांत रिकामा केला आणि उलटा शॉट टाइट फ्रेममध्ये, रस्ता न दाखवता घेतला. टँकरचं पाणी पिण्याचं नव्हतं, तेही आजींनी विचारून घेतलं. तेव्हापासून माझा नियम असा की चारही बाजूंचे शॉट आधी कागदावर, मग नळी सुरू, आणि जिथे पाण्याची बोंब आहे तिथे हा उद्योगच नाही. जमत असेल तर जूनच्या शेवटच्या किंवा सप्टेंबरच्या आठवड्यांत शूट करा, रस्ता फुकट ओला मिळेल. फक्त फाइट मास्टरला आधी सांगा. ओल्या डांबरावर रबरी तळव्याचे बूट नसतील तर पोरं घसरतात, आणि बेताच्या बजेटमध्ये एक मोडलेलं मनगट फार महाग पडतं. वॉरियर्समध्येही ते झालं होतं. मर्सीचं काम करणाऱ्या डेबरा व्हॅन व्हाल्कनबर्गचं मनगट शूटिंगमध्ये मोडलं आणि पुढे ती अचानक जाकीट घालून वावरते, ते प्लास्टर झाकायला.

कपड्यांकडे वळतो. ते हास्यास्पद आहेत, बरोबर. ते खऱ्या टोळ्यांसारखे नाहीत हेही बरोबर. त्या काळात न्यूयॉर्कमधल्या टोळ्या साध्या डेनिमच्या बिनबाह्यांच्या जाकिटांवर मागे नाव शिवून फिरत. (ब्राँक्समधल्या टोळ्यांची समेटाची खरी बैठक डिसेंबर १९७१ मध्ये झाली होती. सिनेमा त्यावरच बेतलाय असं कुणी सांगितलं तर कादंबरी १९६५ ची आहे हे आठवण करून द्या.) पण काम काय आहे ते बघा. दीड तासात प्रेक्षकाला सात-आठ टोळ्या ओळखायच्या आहेत, त्याही अंधारात, लांबून, पळताना. टक्कल केलेले आणि बसमधून येणारे, ते टर्नबुल. डेनिमच्या डंगऱ्या घातलेले, एकाच्या पायात रोलर स्केट, ते पंक्स. मळके टी-शर्ट आणि बैठकीचं आमंत्रणही न मिळालेले, ते ऑर्फन्स. त्यांचा तो न्यूनगंड कपड्यांतच शिवलेला आहे. बॅटवाले फ्युरीज अख्ख्या सिनेमात एक शब्द बोलत नाहीत, आणि बोलायची गरजही पडत नाही. उलट आपले वॉरियर्स बघा: सगळ्यांना एकच तपकिरी-तांबूस लेदर जाकीट, बाह्या नाहीत. उघडे दंड रात्री उजेड पकडतात, पाठीवरचं पंखवाल्या कवटीचं चिन्ह पाठमोऱ्या शॉटमध्ये चेहऱ्याचं काम करतं. पाठलागाच्या सिनेमात माणसं निम्मा वेळ पाठमोरीच असतात, हे लक्षात घ्या.

म्हणून जाकिटं उचलू नका, युक्ती उचला. मुंबईत राहून तुम्ही कपड्यांसाठी न्यूयॉर्ककडे बघता याचं मला नवल वाटतं. दहीहंडीच्या दिवशी रस्त्यावर उभे राहा. ट्रक भरभरून गोविंदा पथकं जातात, प्रत्येकाचा टी-शर्टचा रंग वेगळा, पाठीवर मंडळाचं नाव, गल्लीचं नाव, आणि खाली स्थानिक नेत्याचा फोटो. दोन पथकांचे ट्रक एका सिग्नलला शेजारी थांबले की जे आवाज निघतात, ते ऐका. गोविंदा गुंड आहेत असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. पण टोळीची ओळख लांबून कशी वाचता येते, याचा धडा तिथे फुकट मिळतो, शिवाय तो आपला आहे.

आणि एक गोष्ट या मंडळींनी फार नीट सांभाळली, ती म्हणजे रस्त्याचा मान. बैठकीच्या प्रसंगात हजारेक एक्स्ट्रा होते आणि त्यांत काही खरे टोळीवाले होते. कोनी आयलंडमध्ये खरी टोळी असताना दुसऱ्या टोळीची निशाणी अंगावर मिरवणं धोक्याचं, म्हणून नटांना जाकिटं सेटवरच उतरवून जायला सांगितलं जाई. तुम्ही जिथे शूट करणार त्या गल्लीतल्या मंडळाच्या अध्यक्षाला आधी भेटा. पोलीस आणि महापालिकेची परवानगी कागदावर हवीच, पण रात्री दोन वाजता लाइट बंद करायला येणारा माणूस तो कागद वाचत नाही.

मारामारीबद्दल. रक्त जवळजवळ नाही, बंदूक ल्यूथर आणि लिझीज ही मुलींची टोळी सोडली तर कुणाकडे नाही. त्यामुळे ती निघते तेव्हा खरंच भीती वाटते, आजच्या सिनेमात पंचवीस पिस्तुलं निघूनही वाटत नाही. सगळ्यात चांगली मारामारी स्टेशनवरच्या स्वच्छतागृहातली. ती क्वीन्समधल्या अस्टोरियाच्या स्टुडिओत सेट लावून केली, कारण खऱ्या स्वच्छतागृहात कॅमेरा मावत नाही आणि दारंही फोडता येत नाहीत. आधी कॅमेरा जागा दाखवून घेतो: बेसिन, आरसे, बंद दारांची रांग. शत्रू आत येतो, शांतता, आणि मग सगळी दारं एकदम उघडतात. कोण कुठे आहे याबद्दल एक क्षणही गोंधळ होत नाही. रेम्ब्रांट हा टोळीतला भिंती रंगवणारा, त्याच्या हातात रंगाचा डबा, आणि तो लढाईत काय करतो? समोरच्याच्या तोंडावर फवारतो. पात्राचं हत्यार पात्रातूनच आलं. फाइट मास्टरकडे जाताना ही एवढी यादी घेऊन जा: प्रत्येकाच्या हातात काय आहे आणि का.

आता नकाशा. सायरसची बैठक गोष्टीत ब्राँक्समधल्या व्हॅन कॉर्टलँड पार्कात आहे (शूटिंग मात्र मॅनहॅटनच्या रिव्हरसाइड पार्कात झालं). तिथून कोनी आयलंड सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटर, म्हणजे आपलं चर्चगेट ते बोरिवली. पण न्यूयॉर्कची सबवे चोवीस तास चालते, आणि सिनेमाचं सगळं यंत्र त्यावर चालतं: गाडी येते, बंद पडते, पोलीस चढतात, पोरं उतरतात, पुढच्या स्टेशनवर पुन्हा चढतात. काही फलाटांचे शॉट ब्रुकलिनच्या हॉइट-शर्मरहॉर्न स्टेशनच्या वापरात नसलेल्या फलाटावर घेतले. हे जसंच्या तसं मुंबईत आणलंत तर गोष्ट कोसळेल, कारण आपली शेवटची लोकल एकच्या आसपास जाते आणि पहिली चारनंतर येते. मधले तीन तास शहराला पाठीचा कणाच नसतो. मी तुमच्या जागी असतो तर गोष्ट त्या तीन तासांतच बसवली असती. रेल्वेची परवानगी आणि तिचा खर्च वाचेल आणि पोरांना चालावं लागेल. टोळ्यांना रेडिओवरून बातम्या देणारी ती निवेदिका आठवते? पडद्यावर फक्त तिचे ओठ आणि माइक. लिन थिगपेनचं काम. एका खोलीत, कदाचित एका दिवसात होणारं हे शूट, पण त्याने विखुरलेले सगळे प्रसंग एका रात्रीला बांधले जातात. हे मात्र बिनदिक्कत उचला. आपल्याकडे त्या जागी काय येईल याचा विचार तुम्ही करा, फक्त व्हॉट्सॲप ग्रुप नको, पडद्यावरचा मेसेज वाचायला लावणं म्हणजे प्रेक्षकाची शिक्षा.

काय फसलंय तेही सांगतो. लिझीजचा प्रसंग कच्चा आहे. एवढ्या जवळून गोळ्या झाडून सगळ्या नेम चुकतात हे पटत नाही. मुलींकडे बघण्याची एजॅक्सची तऱ्हा आज बघवत नाही, अर्थात सिनेमा त्याला त्याची शिक्षा देतो, बाकावर बसलेली बाई साध्या वेशातली पोलीस निघते आणि त्याला बाकालाच बेड्या घालते (ती मर्सिडीझ रूल, जिला पुढे ऑस्कर मिळालं). वॉरियर्समधला फॉक्स रुळावर पडून मरतो तो प्रसंग घाईने लिहिलेला वाटतो, कारण तो तसाच लिहिलेला आहे. तो नट आणि दिग्दर्शक यांचं बिनसलं, आणि पात्र मधेच मारलं. मूळ बेतात मर्सीचं जुळायचं होतं ते त्याच्याशी. आणि २००५ ची 'डायरेक्टर्स कट', म्हणजे दिग्दर्शकाने पुन्हा जुळवलेली आवृत्ती, बघू नका. हिलने मधेमधे कॉमिकच्या चित्रांच्या चौकटी घातल्यात. मनात तो पहिल्यापासून कॉमिकच करत होता हे मान्य, पण जे अंगात मुरलं होतं ते त्याने पाटी लावून सांगितलं. पाठलाग चौकटीत थिजतो आणि दम तुटतो. १९७९ चीच आवृत्ती शोधा.

प्रदर्शित झाल्यावर पहिल्या काही दिवसांत कॅलिफोर्निया आणि बोस्टनमध्ये खून झाले, त्यांचा संबंध सिनेमाशी जोडला गेला. कंपनीने जाहिराती थांबवल्या, थिएटरवाल्यांना हवं तर सिनेमा उतरवायची मुभा दिली. ती बदनामी कल्ट व्हायला उपयोगी पडली, हे खरंच. पण नुसत्या बदनामीवर सिनेमा चाळीस-पंचेचाळीस वर्षं टिकत नाही.

शेवटचं, तुमच्या शेड्यूलबद्दल. या सिनेमात आधी दिवसाउजेडी सुरुवात चित्रित झाली होती. ती कापून टाकली आणि सिनेमा थेट रात्री, कोनी आयलंडच्या उजळलेल्या आकाशपाळण्यापासून सुरू केला. त्यामुळे पहिला सूर्यप्रकाश दिसतो तो शेवटी, समुद्राकाठी. ते तुम्हाला हवं असेल तर एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मुंबईच्या चौपाट्या पश्चिमेला. सूर्य तुमच्या पाठीमागे, इमारतींच्या मागे उगवणार, आणि वाळूवर बराच वेळ सावलीच राहणार. पाण्यावरचा सूर्योदय हवा असेल तर पूर्वेकडे जा, शिवडीला किंवा भाऊच्या धक्क्याला. धक्क्यावर पहाटे मासळीच्या बोटी लागतात, बर्फाचे ट्रक, टोपल्या, आरडाओरडा, सगळं असतं. मेमध्ये सूर्य सहाच्या सुमारास येतो, हाताशी वीस मिनिटं. दोन कॅमेरे लावा आणि हा शॉट शेड्यूलच्या शेवटच्या रात्रीनंतरच ठेवा. तोवर पोरं खरीच दमलेली असतील.